विहाराचे कुंपण : खांब व काँक्रीट यांचा हिशोब

विहारासाठी जागा मिळाली की पहिले काम कुंपणाचे. हद्द राखली नाही, तर मिळालेली जागा हातातून जायला वेळ लागत नाही. परंतु हे काम वर्गणीच्या पैशातून होते. म्हणून खांब किती व सिमेंट किती, हे मंडळाच्या प्रत्येक सभासदाला काढता आले पाहिजे. प्रथम सरकारी मोजणी करून हद्द कायम करून घ्यावी; मगच टेप हाती धरावी.

समजा, जागा ९६ फूट लांब व ६४ फूट रुंद आहे. चारी बाजू मिळून ३२० फूट. दोन खांबांत ८ फूट अंतर धरले, तर ४० गाळे होतात. येथेच चूक होते. बँकेत रोज आकडे जुळवणारे आम्ही. पण पहिल्या वेळी आम्हीही प्रत्येक बाजू स्वतंत्र धरून १३, ९, १३ व ९ असे ४४ खांब काढले. कोपऱ्याचा प्रत्येक खांब दोनदा मोजला गेला होता. सरळ रेषेत गाळ्यांपेक्षा एक खांब जास्त लागतो. चौफेर कुंपणात मात्र जेवढे गाळे तेवढेच खांब, म्हणजे ४०. फाटक यांपैकीच एका गाळ्यात बसते.

तार ताणली की कोपऱ्याचा खांब आत ओढला जातो. म्हणून प्रत्येक कोपऱ्याला २ व फाटकाच्या दोन्ही खांबांना एकेक, असे १० तिरपे टेकू लागतात. एकूण नग ५०.

खांब ७ फुटी असेल, तर २ फूट जमिनीत जावा. खड्डा १ फूट लांब, १ फूट रुंद व २ फूट खोल, म्हणजे २ घनफूट. ५० खड्ड्यांना १०० घनफूट काँक्रीट. खांबाने व्यापलेली जागा वजा करू नये. खड्डा कधीच मापात खणला जात नाही, तेथे ती भरून निघते.

वाळू खडीच्या फटींत व सिमेंट वाळूच्या फटींत बसते. त्यामुळे १०० घनफूट ओल्या काँक्रीटला कोरडा माल सुमारे १५४ घनफूट लागतो. एकास तीन, सहा या प्रमाणात त्याचे दहा भाग करावेत. सिमेंट १५.४ घनफूट, ५० किलोच्या गोणीत सुमारे सव्वा घनफूट, म्हणून १३ गोण्या. वाळू सुमारे ४६ घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास. खडी सुमारे ९२ घनफूट, म्हणजे एक ब्रास. सिमेंट वाचवण्यासाठी खड्डा उथळ करू नये. पावसाळ्यात जमीन मऊ झाली की असा खांब कलतो.

सांचीच्या स्तूपाची दगडी वेदिका व कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांब अनेकांच्या दानातून उभे राहिले. दात्यांची नावे तेथे आजही कोरलेली आहेत. आपणही एकूण खर्चाला ५० ने भागून एका कुटुंबाकडे एक नग देऊ शकतो. आमची पहिली चूक तशीच राहिली असती, तर चार कुटुंबांनी नसलेल्या खांबांचे पैसे दिले असते. म्हणून विद्यार्थ्यांनी हा हिशोब स्वतः करून पाहावा व मंडळाने तो फलकावर लावावा.