आयत्या बिळावर नागोबा

बाजारपेठेतील एखादे जुने, नावाजलेले दुकान बंद पडते. काही दिवसांनी त्याच गाळ्यात दुसराच कोणी येऊन बसतो. दारावरची पाटी मात्र जुनीच ठेवतो. पाटी पाहून आत शिरलेल्या गिऱ्हाइकाला माल बदलल्याचे फार उशिरा उमगते. वाणिज्य शाखेत आपण ‘गुडविल’चे, म्हणजे नावलौकिकाचे, मूल्य काढावयास शिकतो. महाजालावर हाच नावलौकिक, केवळ नूतनीकरणाचे शुल्क भरावयाचे राहून गेल्यामुळे, परक्याच्या हाती पडू शकतो.

डोमेन म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता. तो कायमचा विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीसाठी नोंदवावा लागतो. ‘डॉट कॉम’ पत्त्याची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची होते. मुदत टळल्यावर, नोंदणी करणाऱ्या कंपनीच्या नियमांनुसार, फार तर ४५ दिवसांपर्यंत सवलत मिळते. पुढील ३० दिवसांत जादा शुल्क भरून तो सोडवून घेता येतो. त्यानंतर ५ दिवसांनी तो सर्वांना खुला होतो. अनेकदा त्यापूर्वीच त्याचा लिलावही होतो.

जुन्या पत्त्याला एवढी मागणी का असावी? गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मांडलेल्या ‘पेजरँक’ पद्धतीत याचे उत्तर आहे. एका संकेतस्थळाने दुसऱ्याकडे दिलेला दुवा म्हणजे एक प्रकारची शिफारस, आणि शिफारस करणाऱ्याची पत जितकी मोठी तितके तिचे वजन अधिक, असे हे तत्त्व आहे. शोधयंत्रे आज इतरही अनेक गोष्टी पाहतात. तरी दुव्यांचे महत्त्व संपलेले नाही. कर्ज देताना जामीनदाराची पत पाहावी, तसेच हे. पत्त्याची मुदत संपली तरी इतरांनी वर्षानुवर्षे दिलेले दुवे जागच्या जागी राहतात. कर्जदार बदलला आहे, हे जामीनदारांच्या गावीही नसते.

या जामिनाचा लाभ उठविण्याच्या रीती तीन. पहिली, जुन्याच पत्त्यावर नवा, बहुधा असंबद्ध मजकूर भरणे. दुसरी, त्या पत्त्यावर येणाऱ्याला परस्पर स्वतःच्या संकेतस्थळाकडे वळविणे. तिसरी, असे अनेक पत्ते घेऊन त्या सर्वांवरून एकाच संकेतस्थळाची शिफारस करविणे. दहा जामीनदारांच्या सह्या एकाच हाताने कराव्यात, तसा हा शेवटचा प्रकार होय.

अमेरिकेतील आयोवा राज्यात ‘क्लेटन काउंटी रजिस्टर’ नावाचे एक लहानसे स्थानिक वृत्तपत्र होते. २०२० मध्ये ते दुसऱ्या वृत्तपत्रात विलीन झाले. पुढे त्याच्या जुन्या पत्त्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेले शेअर बाजारविषयक लेख झळकू लागले, असे ‘वायर्ड’ या नियतकालिकाने २०२४ मध्ये उघडकीस आणले. गुंतवणूकदाराने वृत्तपत्राचे नाव पाहून विश्वास ठेवावा, तर त्यामागे वार्ताहरच नाही!

मार्च २०२४ मध्ये गूगलने या प्रकाराला आपल्या नियमावलीत स्पष्ट शब्दांत गैरवापर ठरविले. पूर्वीच्या प्राथमिक शाळेच्या पत्त्यावर जुगाराचा मजकूर किंवा वैद्यकीय सेवाभावी संस्थेच्या पत्त्यावर औषधी वस्तूंची विक्री, अशी उदाहरणे तेथे दिली आहेत. असे संकेतस्थळ शोधाच्या निकालात खाली ढकलले जाऊ शकते किंवा पूर्णपणे वगळलेही जाऊ शकते. मात्र जुना पत्ता घेऊन त्यावर वाचकांच्या उपयोगाचे प्रामाणिक संकेतस्थळ उभारण्यास हरकत नाही. तेव्हा ‘जुन्या डोमेनच्या बळावर आपला व्यवसाय पहिल्या पानावर आणून देतो’ असे सांगत कोणी आला, तर व्यावसायिक ग्राहकांनी पैसे मोजण्यापूर्वी दहादा विचार करावा. पैसे जातात ते जातात. स्वतःच्या संकेतस्थळाची पतही जाते.

याहून निकडीचा प्रश्न आपल्या स्वतःच्या पत्त्याचा. डोमेन हे केवळ पत्त्यापुरते नसून व्यवसायाच्या ओळखीचे चिन्ह आहे आणि व्यापारचिन्हाप्रमाणे त्यालाही संरक्षण मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘सत्यम इन्फोवे’ खटल्यात २००४ मध्ये स्पष्ट केले. परंतु कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा वेळेवर नूतनीकरण करणे केव्हाही स्वस्त.

पतसंस्था, शाळा, धर्मादाय न्यास आणि लहान उद्योजक यांनी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. नोंदणी संस्थेच्या नावे असावी; संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावे नव्हे. नूतनीकरणाच्या सूचना त्याच डोमेनवरील ई-मेलवर न मागविता अन्य पत्त्यावर मागवाव्यात. संस्थेचे नाव बदलले वा विलीनीकरण झाले, तरी जुना पत्ता आणखी काही वर्षे स्वतःकडेच राखावा. तो सोडावयाचाच असेल, तर आधी बँक, प्राप्तिकर आणि वस्तू व सेवा कर यांच्याकडील नोंदीत ई-मेल बदलून घ्यावा. कारण डोमेन ज्याच्या हाती, त्या डोमेनवर येणारी पत्रेही त्याच्याच हाती. पासवर्ड बदलण्याचा दुवासुद्धा त्यातच येतो.

भारतीय बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हे राखीव डोमेन आणण्याचे रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले आणि स्थलांतरासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. या पत्त्याची नोंदणी फक्त बँकांनाच करता येते. कोणा आगंतुकाला तेथे शिरकाव नाही. इतर बहुतेक संस्थांना असे राखीव कुंपण नाही. त्यांना आपल्या पाटीची राखण स्वतःच करावी लागेल. वाचकहो, आपल्या डोमेनची मुदत केव्हा संपते, ती तारीख आजच पाहून ठेवा. मुदत ठेवीच्या पावतीवरची तारीख आपण पाहतो, तितक्याच काळजीने.