पेशीच्या पटलात कार्बनची नळी : हा कृत्रिम दरवाजा चालतो कसा?

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी एका पातळ पटलात गुंडाळलेली असते. या पटलाची जाडी साधारण 5 नॅनोमीटर. माणसाचा केस जवळपास 80 हजार ते 1 लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज येईल. पटल मेदाच्या रेणूंच्या दोन थरांचं असतं आणि त्याचा आतला भाग तेलासारखा असतो. म्हणूनच सोडियम, पोटॅशियमचे आयन ते सहज ओलांडू शकत नाहीत.

मग ये-जा होते कशी?

त्यासाठी पटलात प्रथिनांचे दरवाजे असतात. पाण्याच्या दरवाजांना अॅक्वापोरिन म्हणतात, तर आयनांसाठी वेगळे आयन चॅनेल असतात. किडनीत पाणी परत शोषलं जाणं आणि हृदयाचे ठोके पडणं या दोन्ही गोष्टी अशा दरवाजांवर अवलंबून आहेत. या संशोधनासाठी पीटर अॅग्रे आणि रॉडरिक मॅकिनन यांना 2003 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण प्रथिनं नाजूक असतात. जास्त उष्णता किंवा तीव्र रसायनं लागली की त्यांचा आकार बिघडतो आणि काम थांबतं. प्रयोगशाळेत किंवा पाणी गाळण्याच्या यंत्रात वापरायचा असेल, तर दरवाजा दणकट हवा.

इथे येते कार्बन नॅनोट्यूब

कार्बन अणूंची षटकोनी जाळी गुंडाळून तिची नळी केली, तर जे तयार होईल ती कार्बन नॅनोट्यूब. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतले अलेक्झांडर नॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब नळ्यांचे ध्वनिलहरींच्या मदतीने साधारण 10 नॅनोमीटरचे तुकडे केले. नळीची बाहेरची बाजूही पाण्याशी फटकून आणि तेलाशी जमवून घेणारी. त्यामुळे हे तुकडे पटलात आपोआप उभे घुसले. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात जिवंत पेशींच्या पटलातही हे जमलं. या तुकड्यांना कार्बन नॅनोट्यूब पोरिन असं नाव मिळालं.

पाणी इतक्या वेगाने का जातं?

नळीचा व्यास 0.8 नॅनोमीटर असेल, तर पाण्याचे रेणू तिच्यात एकामागे एक, रांगेतच शिरतात. आतली भिंत गुळगुळीत आणि पाण्याला न चिकटणारी, म्हणून अडथळा जवळपास नाहीच. 2017 साली याच गटाने दाखवलं की, या नळ्यांमधून पाणी अॅक्वापोरिनपेक्षाही कितीतरी जास्त वेगाने जातं. नळीच्या तोंडाशी ऋणभार असतो. तो धनभारित आयनांना आत येऊ देतो आणि ऋणभारित आयनांना मागे ढकलतो. म्हणजे कोणाला आत सोडायचं, याची थोडीफार निवडही होते.

उपयोग काय?

खाऱ्या पाण्यातून मीठ वेगळं करणं हा एक उपयोग. दुसरा औषधांचा. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मेदाच्या सूक्ष्म पिशवीत डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध भरून पिशवीला या नळ्या लावल्या गेल्या. नळ्यांमुळे पिशवी पेशीच्या पटलाशी एकजीव झाली आणि औषध थेट आत पोहोचलं. मात्र हा प्रयोग प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर होता, रुग्णांवर नाही. ‘कॅन्सरवर उपाय सापडला’ असा फॉरवर्ड आला, तर एवढं लक्षात ठेवावं.

अडचण कुठे आहे?

सुरक्षिततेचा प्रश्न आहेच. काही लांब, ताठ नॅनोट्यूबमुळे उंदरांमध्ये अॅस्बेस्टॉससारखा दाह झाल्याचं 2008 साली दिसलं होतं. पोरिनचे तुकडे त्यांच्या तुलनेत फारच आखूड आहेत, पण म्हणून ते निर्धोक ठरत नाहीत. ते वेगळं तपासावंच लागतं.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. पेशीतले अनेक आयन चॅनेल इशारा मिळताच उघडतात आणि काम झालं की बंद होतात. हृदयाचा ठोका त्या उघडझापीवरच चालतो. कार्बनची साधी नळी मात्र कायम उघडी असते. वेगाच्या बाबतीत तिने निसर्गाला मागे टाकलं, पण पेशीसाठी योग्य वेळी दार लावून घेणं तितकंच महत्त्वाचं असतं.