प्रोस्टेट कॅन्सरच्या गोळीसोबत स्टेरॉईड का देतात?
प्रोस्टेट कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसला जातो. वृषणांतलं टेस्टोस्टेरॉन थांबवलं, तरी मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आणि खुद्द गाठही ते बनवत राहते.

शरीर प्रेग्नेनोलोन या नैसर्गिक स्टेरॉईडपासून टेस्टोस्टेरॉन तयार करतं. त्याच साच्यावर लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमध्ये अ‍ॅबिरॅटेरॉन घडलं. अमेरिकेत २०११ मध्ये मंजुरी मिळाली. एन्झाइम त्याला आपला कच्चा माल समजून पकडतं आणि अडकून बसतं. टेस्टोस्टेरॉन बनणं थांबतं.

पण त्याच एन्झाइमवर कॉर्टिसॉलही अवलंबून आहे. ते घटलं की शरीरात मीठ धरून ठेवणारी स्टेरॉईड वाढतात. रक्तदाब चढतो, पायांना सूज येते. म्हणून सोबत प्रेडनिसोलोन असतं. ‘स्टेरॉईड नको’ म्हणून ते परस्पर बंद करू नये.