नव्या लॅपटॉपचं बटण रुसलं तर…

मुलीच्या कॉलेजसाठी पैसे साठवून लॅपटॉप घेतला आणि चौथ्याच दिवशी बटण दाबलं तरी सुरू होईना! मैत्रिणींनो, आधी चार्जर काढा, बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग चार्जर लावून पुन्हा बघा. तरी ढिम्मच? मग पिनेने उचकटू नका. शेजारच्या हुशार मुलालाही उघडू देऊ नका, वॉरंटी हातची जायची!

दुकानदार म्हणेल, "वहिनी, आठ दिवस वापरा, बटण सैल होईल." भिडेखातर आपण गप्प बसतो अन् बदलून घ्यायची मुदत निघून जाते. त्याच दिवशी बिल घेऊन जा, लेखी तक्रारीची पोच मागाच. टोलवाटोलवी झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. २०१९ च्या कायद्याने आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही.