‘तुमचा डीए चार आहे, तीस करून देतो’

2024 साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. समजा, तिथल्या एका शेतकरी गटाने पावडर थेट ग्राहकाला विकायला वेबसाइट काढली. थोड्याच दिवसांत असा फोन येतोच. पैसे भरण्याआधी हा आकडा येतो कुठून, ते पाहू.

डीए म्हणजे डोमेन अथॉरिटी. साइट शोधात किती वर दिसेल, याचा मॉझ या अमेरिकी कंपनीने 1 ते 100 या पट्टीवर बांधलेला तो अंदाज आहे. अहरेफ्स, सेमरश या कंपन्यांचे असेच आकडे वेगळे. गुगल यातला एकही वापरत नाही, हे आधी पक्कं लक्षात घ्या.

या आकड्यांमागच्या विचाराचं मूळ मात्र गुगलचंच आहे. 1998 साली स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी पेजरँक मांडला. एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली की ती शिफारस. मोंढ्यात जुन्या अडत्याच्या शब्दावर नवख्याला माल मिळतो, तसंच. शिफारस करणाऱ्याचं वजन त्याने दिलेल्या सगळ्या लिंकांत वाटलं जातं. ढोबळ हिशेब असा: पानाचं वजन 10 आणि लिंका पाच, तर प्रत्येकीला 2. वजन 100 पण लिंका हजार, तर वाट्याला 0.1. म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या एखाद्या पानावरची एक लिंक हजार नावांच्या यादीतल्या लिंकेपेक्षा मोलाची ठरू शकते.

पूर्वी गुगल 0 ते 10 असा पेजरँक टूलबारवर दाखवायचं. 2016 साली ते बंद झालं; आता दिसतात ते डीएसारखे बाहेरचे अंदाज.

मॉझची पट्टी सरळ चढत नाही. 10 वरून 20 वर जाणं सोपं, 70 वरून 80 फार अवघड. शिवाय आकडा तुलनेचा असल्याने इतर वाढले तर तुमचा आपोआप घसरतो. तुलना करायचीच तर सांगलीच्या हळदवाल्यांशी करा, ॲमेझॉनशी नको.

‘तीस करून देतो’ म्हणणारे बहुधा भंगार साइटींवरून लिंका विकत घेऊन लावतात. डीए वाढेलही, पण गुगलच्या नियमांत हा स्पॅम आहे. अशा लिंका ते मोजत नाही किंवा साइट खाली ढकलतं. माझ्या मते तो पैसा हळदीतल्या कुरक्युमिन या घटकाच्या तपासणीवर घालावा आणि तो अहवाल, हळद शिजवण्या-वाळवण्याच्या फोटोंसकट, साइटवर टाकावा. लोक लिंक देतात ती अशा पानांना.

प्रगती बघायला गुगलचं सर्च कन्सोल फुकट आहे. कोणते शब्द टाकल्यावर तुमचं पान सरासरी कितव्या जागी दिसलं आणि किती जणांनी उघडलं, ते त्यात कळतं. ‘वसमत हळद’ या शब्दांपुढचा आकडा चाळिसावरून बारावर आला, तर डीए चारच असला तरी काम बरोबर चाललंय.