दर कमी, की धान्य कमी?

सरकारी गोदामातून रेशन दुकानापर्यंत धान्य पोचते ते ट्रकमधून. हा ट्रक कोणाचा, तो कोणत्या दराने चालतो आणि ते काम नेमके त्याच माणसाला का मिळाले, हे प्रश्न आपण सहसा विचारत नाही. ‘गहू आला का?’ एवढेच दुकानदाराला विचारतो. पण गहू किती येणार आणि वेळेवर येणार की नाही, याचे उत्तर पुष्कळदा एका कागदावर आधीच लिहिलेले असते. तो कागद म्हणजे वाहतुकीचा ठेका. असा ठेका पारखायचा कसा, ते आज पाहू या.

आधी धान्याची वाट समजून घेऊ. १९६५ साली स्थापन झालेल्या भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून धान्य उचलायचे, तालुक्याच्या सरकारी गोदामात आणायचे आणि तिथून गावोगावच्या रास्त भाव दुकानांत उतरवायचे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने दुकानाच्या दारापर्यंत धान्य पोचवण्याची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली. दुकानदाराने स्वतःच्या खर्चाने टेंपो करून माल आणावा, अशी अपेक्षा आता नाही. सरकार हे काम खासगी वाहतूकदाराकडून करून घेते आणि त्याची निवड निविदा मागवून होते.

निविदेचे दोन लिफाफे असतात. पहिला तांत्रिक, दुसरा दराचा. आता हे सारे संगणकावर होते, पण लिफाफा हा शब्द टिकून आहे. पहिल्या लिफाफ्यात बयाणा रक्कम, कराचे दाखले, कामाचा अनुभव आणि ट्रकची कागदपत्रे असतात. जो यात उतरतो, त्याचाच दुसरा लिफाफा उघडायचा, असा नियम आहे. ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला कचेरीच्या भाषेत ‘एल-वन’ म्हणतात आणि साधारणपणे काम त्यालाच मिळते.

हे ऐकायला सरळ वाटते. जनतेचा पैसा आहे, कमी दराने काम झाले तर चांगलेच. पण इथे थोडे गणित मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, एका ट्रकमध्ये १०० क्विंटल, म्हणजे ५० किलोची २०० पोती आहेत. जाऊन-येऊन १२० किलोमीटरची फेरी आहे. ट्रक लिटरला चार किलोमीटर चालला तर ३० लिटर डिझेल लागेल. लिटरला ९० रुपये धरले तर २,७०० रुपये झाले. चालक आणि क्लीनर यांचे १,२०० रुपये. टायर, दुरुस्ती, विमा, कर आणि कर्जाचा हप्ता मिळून फेरीमागे २,५०० रुपये. हमालीचा हिशेब वेगळा ठेवू. एकूण झाले ६,४०० रुपये. म्हणजे क्विंटलला ६४ रुपये, आणि यात ठेकेदाराचा नफा एक रुपयाही धरलेला नाही.

आता एखाद्याने ४० रुपये दर भरला तर? प्रत्येक फेरीला त्याची २,४०० रुपयांची तूट येणार. धंदा करणारा माणूस ही तूट वर्षभर स्वतःच्या खिशातून भरेल का? बाजारात तांदळाचे ५० किलोचे पोते बाराशे-पंधराशे रुपयांना गेले, तरी दोन पोती वाटेत उतरली की तूट भरून निघाली. दोनशेतली दोन पोती म्हणजे शेकडा एक. डोळ्यांना ते कळणारही नाही. पण प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. दोन पोती म्हणजे १०० किलो, म्हणजे वीस माणसांचे महिन्याचे धान्य. कागदावर सरकारचे २,४०० रुपये वाचले आणि ते त्या वीस माणसांच्या ताटातून गेले.

म्हणून दर पारखताना पहिला प्रश्न ‘सर्वांत कमी कोणाचा?’ हा नसावा. या दरात हे काम होऊ शकते का, हा असावा. त्यासाठी निविदा उघडण्यापूर्वीच कचेरीने स्वतःचा अंदाजित दर काढलेला हवा. अंतर, रस्ता, डिझेल आणि फेऱ्या धरून काढलेला. दर अस्वाभाविकपणे कमी वाटला, तर त्या ठेकेदाराकडून लेखी खुलासा आणि खर्चाची फोड मागावी, असे केंद्र सरकारच्या खरेदीविषयक मार्गदर्शक पुस्तिकेत सांगितले आहे. त्याची स्वतःची जुनी, कर्ज फिटलेली वाहने असतील, परतीच्या फेरीला भाडे मिळत असेल, तर कमी दर खराही असू शकतो. खुलासा पटला तर काम द्यावे. न पटला तर ते नाकारण्याचे धैर्य दाखवावे. २०२१ मध्ये केंद्राने काही कामांसाठी दराबरोबर गुणवत्तेलाही गुण देण्याची मुभा दिली. मात्र गुणवत्तेचा वाटा ३० टक्क्यांपर्यंतच ठेवला.

दुसरा धोका याच्या उलट आहे. कधी अटीच अशा घालतात की एकालाच पात्र होता यावे. कामाच्या मानाने भरमसाट ट्रक स्वतःच्या मालकीचे हवेत किंवा अनुभव अमुकच खात्याचा हवा, अशा अटी दिसल्या की सावध व्हावे. कधी तीन निविदा येतात, तिन्हींचे दर चढे आणि एकमेकांपासून रुपया-दोन रुपयांवर. अशा वेळी स्पर्धा कागदावरच असते. अंदाजित दर हाताशी असेल, तर हेही उघडे पडते.

तिसरी गोष्ट ट्रकची. कागदावर वीस ट्रक दाखवले, म्हणजे ते रस्त्यावर आहेत असे नव्हे. फिटनेस आणि विमा चालू आहे का, तोच ट्रक दुसऱ्या जिल्ह्याच्या निविदेतही दाखवलेला नाही ना, हे तपासावे लागते. नाहीतर काम एकाच्या नावावर आणि गाडी तिसऱ्याचीच, असे होते. पोटठेकेदाराच्या हाती आणखी कमी पैसे पडतात आणि तुटीचे गणित अधिकच बिकट होते.

ठेक्याच्या अटीही वाचायला हव्यात. डिझेल महागले तर दर कसा वाढेल, हे लिहिलेले नसेल तर प्रामाणिक ठेकेदारही मध्येच अडचणीत येतो. उशिराला दंड किती, तुटीची वसुली कोणत्या भावाने, हे स्पष्ट हवे. वजनाचे तर फारच स्पष्ट हवे. तागाची रिकामी गोणी साधारण ५८० ग्रॅम भरते. दोनशे गोण्यांचे झाले ११६ किलो. गोदामात गोणीसकट वजन धरले आणि दुकानात नुसते धान्य मोजले, तर कोणी चोरी न करताही क्विंटलभराहून अधिक तूट दिसेल. आणि खरी चोरी झाली, तर ती याच गोंधळाआड लपेल. आपल्याकडे ‘मापात पाप’ म्हणतात. मापात लबाडी करणाऱ्यांविषयी कुराणातही एक स्वतंत्र अध्याय आहे. माणसाची ही खोड जुनीच, म्हणून अट नेमक्या शब्दांत लिहावी लागते.

ट्रकवर जीपीएस बसवतात, दुकानात अंगठ्याचे यंत्र आहे. दोन्ही उपयोगी आहेत. पण जीपीएस ट्रकची वाट दाखवते, पोती मोजत नाही. अंगठ्याचे यंत्र वाटपाची नोंद ठेवते, पोते उतरले तेव्हा त्यात किती धान्य होते ते सांगत नाही. दुकानाच्या दारात काट्यावर पोते ठेवणे, याला पर्याय नाही.

यात आपण काय करू शकतो? अन्न सुरक्षा कायद्यात राज्यापासून दुकानापर्यंत दक्षता समित्यांची तरतूद आहे. आपल्या दुकानाच्या समितीत कोण आहे, ते विचारावे. काम दिल्यानंतर निविदांचा तुलनात्मक तक्ता, मंजूर दर आणि करारनामा माहितीच्या अधिकाराखाली मागता येतो. तो हाती आला की क्विंटलचा दर घ्यावा, अंतर घ्यावे आणि वर मांडले तसे गणित आपल्या तालुक्याचे मांडून पाहावे. त्याला पाटीभर हिशेब पुरतो, तज्ज्ञ लागत नाही.

२०२३ च्या जानेवारीपासून हे धान्य लाभार्थ्याला मोफत मिळते. फुकटचे आहे, मग किलोभर कमी आले तर कशाला बोला, असे मनात येते. पण ते फुकटचे नाही. त्याची किंमत कराच्या रूपाने आपण सर्वांनी मोजली आहे आणि त्याच्या वाहतुकीचीही. पैसे पूर्ण मोजले असतील, तर मापही पूर्णच मागायला हवे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)