जीपीएस नव्हतं तेव्हा: स्टर्लिंग मॉस आणि कागदाचा ऑफलाइन मॅप



मागच्या पावसाळ्यात एका घाटात माझ्या फोनची रेंज गेली. मॅप कोरा झाला आणि पुढचं वळण कसं आहे तेच कळेना. गाडी ताशी २० वर आणली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आता असाच अनोळखी रस्ता ताशी २५० किमीनं कापायचा आहे अशी कल्पना करा. ब्रिटिश रेसर स्टर्लिंग मॉसनं १९५५ मध्ये हेच केलं. त्याच्याकडेही एक 'ऑफलाइन मॅप' होता, पण कागदाचा.

अडचण काय होती?

इटलीतली मिले मिलिया ही शर्यत ट्रॅकवर नाही, तर साध्या रस्त्यांवर व्हायची. ब्रेशियाहून रोम आणि परत ब्रेशिया, असे सुमारे १,६०० किमी! ट्रॅकवर तीच वळणं पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ती पाठ होतात. इथे हजारो वळणं, आणि प्रत्येक एकदाच. चढाच्या माथ्यापलीकडे रस्ता सरळ आहे की वळतो, हे दिसत नाही. मग ड्रायव्हर घाबरून ब्रेक मारतो आणि वेळ जातो.

कागदी नॅव्हिगेटर कसा चालायचा?

मॉससोबत डेनिस जेंकिन्सन हा पत्रकार होता. दोघांनी आधी मार्गावर सराव केला. अवघड वळणं, खड्डे, रेल्वे फाटकं, आंधळे चढ, सगळं जेंकिन्सननं टिपलं. वळणांना धोक्याप्रमाणे तीन दर्जे दिले. आपण कुठे आहोत हे कळायला किलोमीटरचे दगडही नोंदवले.

या नोंदी एका लांब कागदी पट्टीवर लिहून ती खिडकी असलेल्या छोट्या डबीत गुंडाळली. गाडी पुढे जाईल तशी पट्टी सरकवायची. आपण स्क्रीन स्क्रोल करतो ना, अगदी तसंच!

पण सांगायचं कसं? इंटरकॉम लावून पाहिला, तर गाडी चालवण्यात गढलेल्या मॉसच्या डोक्यात शब्द शिरेनात. शेवटी हाताच्या पंधराएक खुणा ठरवल्या.

खरी परीक्षा विश्वासाची होती. जेंकिन्सननं 'पुढे सरळ' अशी खूण केली की मॉस पलीकडचं काही दिसत नसताना माथ्यावरून पूर्ण वेगात गाडी काढायचा. एक नोंद चुकली असती तर दोघंही संपले असते. वाटेत जेंकिन्सनचा चष्मा वाऱ्यानं उडाला. सुदैवानं त्यानं दुसरा सोबत ठेवला होता. बॅकअप हवाच!

१ मे १९५५ रोजी सकाळी ७.२२ ला निघालेली ही ७२२ नंबरची मर्सिडीज १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत परतली. सरासरी वेग ताशी १५७ किमीहून जास्त. एकट्यानं गाडी चालवलेला महान फँजिओ अर्ध्या तासाहून अधिक मागे, दुसरा आला.

मग तो जगज्जेता का झाला नाही?

मॉसनं फॉर्म्युला वनच्या ६६ शर्यतींत १६ विजय मिळवले. १९५५ ते १९५८ सलग चार वर्षं तो दुसरा राहिला. १९५८ मध्ये पोर्तुगालच्या शर्यतीत त्याचा प्रतिस्पर्धी माइक हॉथॉर्न बाद होणार होता. मॉसनं स्वतः पंचांपुढे त्याची बाजू मांडली आणि हॉथॉर्नचे गुण वाचले. वर्षअखेरीस मॉसचे विजय चार, हॉथॉर्नचा एक. तरी विजेतेपद ४२ विरुद्ध ४१ गुणांनी हॉथॉर्नला गेलं. मला विचाराल तर, मॉसवर लोकांचा एवढा जीव का होता, याचं उत्तर इथेच आहे.

१९६२ मध्ये गुडवुडला भीषण अपघात झाला. तो महिनाभर बेशुद्ध होता. पुढच्या वर्षी त्यानं गाडी चालवून पाहिली, पण आधी आपोआप होणाऱ्या गोष्टी आता विचार करून कराव्या लागत होत्या. तो थांबला. २०२० मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी त्याचं निधन झालं.

आपण काय घ्यायचं?

आजही रॅलीत शेजारी बसलेला साथीदार अशाच नोंदी वाचून दाखवतो. फोनचं तत्त्वही तेच: जीपीएसला तुमची जागा उपग्रहांवरून कळते, त्याला डेटा लागत नाही. डेटा लागतो तो मॅप उतरवायला. म्हणून घाटात जाण्याआधी घरच्या वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन मॅप डाउनलोड करून ठेवा. आणि गाडी चालवताना फोन शेजारच्याच्या हातात द्या. मॉसनंही कागद स्वतः वाचला नव्हता!